हिरव्यात हिरवं ओळखायचं कसं: गोल्फ कोर्स नकाशावर काढण्याची रीत

मी आयुष्यात एकदाही गोल्फ खेळलेलो नाही. पेडण्यात वाढलो. आमच्याकडे मैदान म्हणजे सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात कापून झालं की रिकामी पडलेली शेतं. तिथेच क्रिकेट, तिथेच फुटबॉल. तरीही गेले दोन हिवाळे मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, गोव्यातली गोल्फची मैदानं काढत बसलो आहे. पहिल्या खेपेला केलेलं जवळजवळ सगळं खोडावं लागलं. का, तर मी रंग बघून काढत होतो. गडद हिरवं दिसलं की फेअरवे, फिकट दिसलं की ग्रीन, पांढरं दिसलं की बंकर. वरून बघताना हे पटतंही.

पण गोल्फ कोर्सवर जमिनीच्या तुकड्याचं नाव ठरतं ते खेळात त्याचं काम काय यावरून. गवत तेच असेल, कापणी वेगळी असते. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं काम हाताचं आहे. हा लेख तुमच्यासारख्या नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे: नकाशात रस्ते, घरं काढून झाली आहेत, पण गोल्फ कोर्ससमोर आल्यावर हात थांबतो, अशांसाठी.

एक सूचना आधीच. टॅग, म्हणजे काढलेली वस्तू काय आहे हे सांगणाऱ्या नोंदी, इथे मी देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्षात ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत जातात. पण तुम्हाला ते पाठ करायची गरज नाही; आयडी या ब्राउझरमधल्या संपादकात शोधपट्टीत ‘गोल्फ’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला की सगळी यादी खाली उतरते.

१. आधी पंधरा मिनिटं खेळ समजून घ्या

एका होलची गोष्ट अशी. खेळाडू टीवर उभा राहतो. टी म्हणजे सपाट केलेला, बहुधा थोडा उंच चौथरा. तिथून तो चेंडू लांब मारतो. पुढे बारीक कापलेल्या गवताचा पट्टा असतो, तो फेअरवे. त्याच्या दोन्ही अंगांना वाढू दिलेलं गवत म्हणजे रफ. मध्ये अडथळे: वाळूचे खड्डे म्हणजे बंकर, आणि तळी, ओहोळ वगैरे पाणी. शेवटी अगदी चटईसारखं कापलेलं गवत, ते ग्रीन. त्यात १०८ मिलिमीटर व्यासाचं भोक आणि त्यात उभी केलेली निशाणाची काठी, म्हणजे पिन.

इथेच पहिला गोंधळ होतो. होल म्हणजे ते भोकही आणि टीपासून भोकापर्यंतचा सगळा टप्पाही. ‘अठरा होलचा कोर्स’ म्हणताना दुसरा अर्थ असतो. ओपनस्ट्रीटमॅपवरच्या ‘गोल्फ = होल’ मध्येही दुसराच अर्थ आहे. मी पहिल्या दिवशी प्रत्येक ग्रीनच्या मधोमध एक बिंदू ठेवून त्याला ‘होल’ म्हटलं होतं. नऊ बिंदू, नऊ चुका.

पार म्हणजे तो टप्पा किती फटक्यांत पुरा व्हावा याचा आकडा. बहुतेक ३, ४ किंवा ५. हँडिकॅप हा होलच्या अवघडपणाचा क्रमांक, १ म्हणजे सगळ्यात कठीण. हे दोन्ही आकडे स्कोअरकार्डावर छापलेले असतात.

२. सोबत काय लागेल

सामान फार नाही. ओपनस्ट्रीटमॅपचं खातं, लॅपटॉप आणि माउस. टचपॅडवर बंकरच्या कडा काढायला बसलात तर मनगट दुखेल, हे अनुभवाने सांगतो. संपादक म्हणून सुरुवातीला आयडी पुरे. जोसम जास्त ताकदीचा आहे, पण पहिल्याच दिवशी त्याच्या वाटेला जाऊ नका. फोनवर ओएसएमअँडसारखं वाटेची नोंद ठेवणारं ॲप हवं. शक्य झालं तर त्या कोर्सचं स्कोअरकार्ड.

आणि परवानगी. गोव्यातले गोल्फ कोर्स रिसॉर्टच्या आवारात आहेत, सार्वजनिक बागेत नाहीत. केळशी-मोबोर बाजूला साळ नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात बारा होलचा छोटा कोर्स आहे. काणकोणात राजबागेला तळपण नदीच्या मुखाजवळ नऊ होलचा आहे. आत जायचं तर गोल्फ डेस्कला आधी फोन करा, काय करणार आहात ते सरळ सांगा. मी एकदा फोन न करता गळ्यात कॅमेरा अडकवून एका फाटकावर उभा राहिलो. रखवालदाराने मला पंधरा मिनिटं उन्हात उभं करून परत पाठवलं, आणि चूक माझीच होती. नाही मिळाली परवानगी तरी अडत नाही; ऐंशी टक्के काम उपग्रहचित्रावरून होतं.

ड्रोनचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात आधी तिथला विभाग तपासावा लागतो, आणि दाबोळीला नौदलाचा विमानतळ, मोपाला दुसरा, अशा चिमुकल्या राज्यात हे प्रकरण सोपं नाही. बंकरच्या कडेसाठी एवढा व्याप कशाला?

३. चित्र निवडताना ऋतू बघा

हा टप्पा बाहेरचे मार्गदर्शक एका ओळीत उरकतात. गोव्यात तो सगळ्यात महत्त्वाचा.

आयडीत ‘बी’ दाबलं की पार्श्वभूमीचं पॅनल उघडतं. बिंग आणि एस्री यांची उपग्रहचित्रं दोन्ही चालू-बंद करून बघा. चित्र कधीचं आहे हे शोधायला पार्श्वभूमीची माहितीपट्टी उघडा. तारीख उपलब्ध असेल तर तिथे दिसते. पावसाळ्यातलं चित्र तर ढगांमुळे बहुधा वापरताच येत नाही. पण फसवतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरचं. पाऊस नुकताच गेलेला, आणि कोर्स, शेजारची कुरणं, बांध, माडांखालची जमीन, सगळं एकाच हिरव्या रंगात. फेअरवे कुठे संपतो आणि रफ कुठे सुरू होतं ते दिसतच नाही.

तुम्हाला हवं आहे एप्रिल-मेचं चित्र. तेव्हा ज्याला पाणी देतात तेवढंच हिरवं राहतं. रफ पिवळं-तपकिरी होतं, फेअरवे हिरवा उठून दिसतो, ग्रीन त्याहून वेगळं, गुळगुळीत चकाकतं. स्प्रिंकलरचे गोल-गोल ठसेही कधीकधी दिसतात. त्या गोलांची रांग म्हणजे बहुतेक फेअरवेची दिशा.

मग चित्र जागेवर आहे का ते तपासा. उपग्रहचित्र काही मीटर सरकलेलं असू शकतं. रस्ता जरा सरकला तर कोणाला कळत नाही, पण पाच मीटर रुंदीची टी पाच मीटर सरकली की ती तळ्यात जाऊन बसते. काणकोणात मी राष्ट्रीय महामार्ग ६६ वरच्या, लोकांनी नोंदवून चढवलेल्या जीपीएस वाटांचा थर चालू केला, बऱ्याच वाटांचा मध्य बघितला आणि चित्र त्याला जुळवलं. दोन-चार वाटांवर विसंबू नका. फोनचा जीपीएस उघड्यावर चार-पाच मीटर चुकतो आणि माडांखाली त्याहून जास्त.

आणि गूगलच्या नकाशावरून किंवा त्यांच्या उपग्रहचित्रावरून काही उतरवून घेऊ नका. परवाना तशी मुभा देत नाही. ‘फक्त बघून खात्री केली’ हेसुद्धा नको.

४. बाहेरची हद्द

क्षेत्र काढा, टॅग ‘लेझर = गोल्फ_कोर्स’. ही कोर्सची हद्द, रिसॉर्टची नव्हे. हॉटेलच्या खोल्या, पोहण्याचा तलाव, लॉनवरचा लग्नाचा मांडव हे यात येत नाही. रिसॉर्टची हद्द वेगळी असते आणि तिला पर्यटनाचा वेगळा टॅग असतो.

नाव एकाच ठिकाणी, इथेच द्यायचं. मराठी नाव ‘नेम’ पुढे एमआर हा भाषाकोड लावून वेगळं भरता येतं. जागेची मालकी किंवा ब्रँड बदललं असेल तर आधीचं नाव पुसू नका, ‘ओल्ड_नेम’ मध्ये ठेवा. मोबोरचा लीला आता सेंट रेजिस झाला आहे, पण साष्टीतला टॅक्सीवाला अजून लीलाच म्हणतो, आणि शोधणाराही तेच टाइप करतो.

जे जमिनीवर नाही ते काढू नका. माझ्या पेडण्याच्याच टोकाला, तेरेखोलला गोल्फ कोर्सचा प्रस्ताव आला होता, गावकऱ्यांनी विरोध केला, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले. प्रस्तावाचा आराखडा म्हणजे नकाशा नव्हे. गावात आज शेत असेल तर नकाशात शेत.

मिनी गोल्फसाठी ‘लेझर = मिनिएचर_गोल्फ’ असा वेगळा टॅग आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलातला सिमेंटचा, पवनचक्की लावलेला खेळ म्हणजे गोल्फ कोर्स नव्हे.

५. सगळ्यात आधी होलच्या रेषा

बहुतेक जण आधी बंकर काढतात, कारण ते दिसतात छान. मी सांगेन, आधी रेषा काढा. प्रत्येक होलसाठी एक रेषा, टॅग ‘गोल्फ = होल’. रेषा टीपासून सुरू होते आणि ग्रीनच्या मध्यावर संपते. होल वाकडा असेल, म्हणजे ज्याला डॉगलेग म्हणतात तसा, तर रेषा फेअरवेच्या मध्यातून वळवायची. चेंडू हवेतून कसा जाईल ते काढायचं नाही, झाडांवरून सरळ रेघ मारायची नाही.

रेषेला दिशा असते. टीकडून ग्रीनकडे. उलटी काढली गेली तर आयडीत रेषा निवडून ‘व्ही’ दाबा. संपवताना मी प्रत्येक रेषेचे छोटे बाण बघतो. माझ्या पहिल्या नऊ रेषांपैकी चार उलट्या होत्या, कारण ग्रीन ओळखायला सोपं म्हणून मी तिथूनच माउस टेकवला होता.

रेषेवर हे भरा: ‘रेफ’ म्हणजे होलचा क्रमांक, ‘पार’, आणि माहीत असेल तर ‘हँडिकॅप’. तिन्हीत फक्त आकडा. ‘पार ४’ असं नाही, नुसता ४, आणि तोही देवनागरी नव्हे, इंग्रजी कळफलकावरचा. नावाच्या खणात ‘होल नंबर पाच’ लिहू नका. होलला खरंच नाव असेल तरच तिथे नाव.

पार कळत नसेल तर अंदाजाने भरू नका. पण स्कोअरकार्डाचा आकडा आणि तुमची रेषा जुळते का हे मात्र तपासा. आयडीत कंट्रोल-शिफ्ट-एम दाबलं की निवडलेल्या रेषेची लांबी दिसते. जागतिक हँडिकॅप पद्धतीत पुरुषांसाठी पार-३ साधारण २६० यार्डांपर्यंत, पार-४ २४० ते ४९० आणि पार-५ ४५० ते ७१० यार्डांचा असतो. एक यार्ड ०.९१४४ मीटर. तुमची रेषा १४० मीटरची आहे आणि कार्ड म्हणतंय पार-५, तर कार्ड नाही, तुम्ही चुकलात. एका होलची टी दुसऱ्याच्या ग्रीनला जोडली आहे.

आता राजबागेचा गुंता. नऊ होल पण दुहेरी टी. म्हणजे ग्रीन नऊ, आणि प्रत्येक होलला दोन वेगळ्या ठिकाणच्या टी. पहिल्या फेरीत एका टीवरून मारायचं, दुसऱ्या फेरीत दुसरीवरून, म्हणजे अठराचा खेळ होतो. मग रेषा किती? अठरा. पहिल्या होलची रेषा आणि दहाव्या होलची रेषा वेगवेगळ्या टीवरून निघून एकाच ग्रीनवर येतात. त्यांचे क्रमांक १ आणि १०. फेअरवे एकच काढायचा, ग्रीन एकच काढायचं. रेषा शेजारून जातील, काही ठिकाणी एकमेकींवर येतील. त्यांचे बिंदू एकत्र चिकटवू नका, नाही तर एकीला सरकवताना दुसरीही ओढली जाते. मी हे कागदावर आधी काढलं, पेन्सिलने, ग्रीनला १/१०, २/११ अशी नावं देऊन. संगणकावर थेट बसलो असतो तर रात्र गेली असती.

६. टी, फेअरवे, ग्रीन

रेषा असल्या की आता आकार काढणं म्हणजे रेषेच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी बघणं.

टी हे क्षेत्र, ‘गोल्फ = टी’. एका होलला एक लांब चौथरा असतो किंवा दोन-तीन छोटे, वेगवेगळ्या रंगांच्या खुणांचे. जेवढे वेगळे चौथरे दिसतात तेवढी वेगळी क्षेत्रं. चौकोनी असतील तर काटकोन करा, नसतील तर उगाच नको. गोव्यात टी शोधताना खरी अडचण माडांची. झावळ्यांखाली टी निम्मी झाकलेली असते. अशा वेळी सावलीकडे बघा: सकाळच्या चित्रात उंच केलेल्या चौथऱ्याची एक कड गडद दिसते. आणि कार्टची वाट बघा. ती टीशेजारी थोडी रुंद होते, कारण गाड्या तिथे थांबतात.

फेअरवे: ‘गोल्फ = फेअरवे’. कडा नागमोडी असतात, त्यासाठी वळणांवर बिंदू जास्त आणि सरळ भागात कमी. छोट्या पार-३ होलना बऱ्याचदा फेअरवेच नसतो, टीवरून थेट ग्रीनकडे मारायचं. मोबोरसारख्या पार-३ कोर्सवर प्रत्येक होलला फेअरवे असायलाच हवा असं समजून मधल्या गवताला तो टॅग लावू नका. नाही दिसत तर नाही.

ग्रीन: ‘गोल्फ = ग्रीन’. आयडी त्याला पटिंग ग्रीन म्हणतो. आकार काहीही असू शकतो, राजगिऱ्याच्या लाडवापासून चपलेपर्यंत. भोवती एक थोडं कमी बारीक कापलेलं कडं असतं, ते ग्रीनमध्ये धरू नका. क्लबहाउसजवळ सरावाचं एक वेगळं ग्रीन असतं, त्याला कोणतीच होलरेषा येत नाही. तुमच्या ग्रीनची बेरीज एकाने जास्त येत असेल तर बहुतेक हेच.

पिन बिंदूने दाखवता येते, पण विचार करून. भोकाची जागा देखभालवाले सतत बदलतात, नाही तर एकाच जागी गवत झिजून जाईल. आज चित्रात दिसणारा झेंडा उद्या तिथे नसतो. म्हणून मी रेषा ग्रीनच्या मध्यावर संपवतो आणि पिन काढतच नाही. काही जण काढतात. भांडण्यासारखं नाही.

७. वाळू: इथे मी सगळ्यात जास्त आपटलो

बंकर हे क्षेत्र, ‘गोल्फ = बंकर’. सोबत वाळूचा टॅग आयडी आपणहून घालतो. तो राहू द्या.

जमिनीच्या आतल्या कोर्सवर हे सोपं. किनाऱ्यावर नाही. मी घरी बसून काणकोण बाजूच्या कोर्सवर मोठ्या उत्साहाने तेवीस बंकर काढले. पांढरे, कडा अनियमित, फेअरवेच्या समुद्राकडच्या अंगाला. नंतर परवानगी काढून प्रत्यक्ष गेलो, तेव्हा सोबत एक वयस्कर कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणारे, होते. चेहऱ्यावर टोपीची सावली, खांद्यावर कोणाची तरी रिकामी बॅग. मी फोनवर नकाशा दाखवला आणि विचारलं, हे सगळे बंकरच ना? त्यांनी बोट स्क्रीनवर ठेवलं, एकेका पांढऱ्या ठिपक्यावर टेकवत गेले. मग समुद्राकडच्या सहा-सात ठिपक्यांवर येऊन हसले आणि म्हणाले, “बाब, ती रेंव दर्यान हाडल्या, आमी न्हय.” ती वाळू दर्याने आणली, आम्ही नव्हे.

बंकरची यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठे सापडलेली नाही. नियमपुस्तकही तेच म्हणतं: बंकर म्हणजे मुद्दाम तयार केलेली वाळूची जागा. वाऱ्याने उडून आलेली, लाटेने टाकलेली, गवत मेल्यामुळे उघडी पडलेली वाळू म्हणजे बंकर नव्हे. चित्रावर ओळखायची खूण: खऱ्या बंकरला बहुधा एक स्पष्ट ओठ असतो, म्हणजे कडेला कापलेल्या गवताची रेघ. त्याचा आकार वाटाण्यासारखा किंवा पंजासारखा, गोलाईचा. आणि तो कुठेही नसतो. ग्रीनच्या बगलेत किंवा फटका पडेल अशा अंतरावर असतो. रेषेपासून फार लांब, दोन होलच्या मध्ये बेवारशी पडलेला पांढरा ठिपका दिसला तर शंका घ्या.

लाल ठिपका दिसला तर तो जांभा. टी वाढवण्यासाठी किंवा वाट दुरुस्त करायला टाकलेली माती-दगड. त्यालाही बंकर समजणारे मी पाहिले आहेत.

बंकर फेअरवेच्या आत पूर्ण असेल तर फेअरवेला तेवढं भोक पाडायचं का? काटेकोर पद्धत पाडण्याची: आयडीत बाहेरचा आणि आतला आकार दोन्ही निवडून ‘सी’ दाबलं की बहुभुजांचा गट होतो. मी मोठ्या बंकरसाठी हे करतो. ग्रीनला चिकटलेल्या छोट्यांसाठी नुसती कड जुळवतो. नवख्याने पहिल्याच दिवशी दहा गट करून ठेवले तर एक तुटला की सगळं नाहीसं झाल्यासारखं दिसतं, म्हणून हळू.

८. पाणी

खेळात येणारं पाणी दोन प्रकारे नोंदतात: ‘वॉटर_हॅझर्ड’ आणि ‘लॅटरल_वॉटर_हॅझर्ड’. पहिलं रेषेच्या आडवं, दुसरं बाजूने जाणारं. २०१९ पासून गोल्फच्या नियमांत हे शब्द गेले, आता पेनल्टी एरिया म्हणतात. पण ओपनस्ट्रीटमॅपचे टॅग जुनेच वापरात आहेत. मैदानावर खुंट्यांच्या रंगावरून अंदाज येतो: पिवळ्या म्हणजे बहुधा आडवं, लाल म्हणजे बहुधा बाजूचं. पांढऱ्या खुंट्या म्हणजे हद्दीबाहेर. चित्रात खुंटी दिसत नाही, म्हणून हे प्रत्यक्ष गेल्याशिवाय ठरवू नका. तोवर नुसतं पाणी म्हणून ठेवा, तेही खोटं नाही.

गोव्यात इथे एक वेगळाच सापळा आहे. नदीमुखाजवळच्या कोर्सच्या शेजारी खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन असते, बांध असतात, मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार असते, मानशीच्या आत साठलेलं पाणी असतं, कुठे मिठागराचे चौकोन. वरून बघताना ही सगळी तळी कोर्सचाच भाग वाटतात. बांध सरळ असतो आणि त्यावर माणसाच्या चालण्याची वाट असते. कोर्सच्या तळ्याची कड वाकडी आणि गवताने सजवलेली. खाजनाचं पाणी भरती-ओहोटीने बदलतं, दोन वेगळ्या चित्रांत त्याची पातळी वेगळी दिसते. आणि साळ किंवा तळपण नदी ही नदीच राहते; तिच्या कडेने होल जातो म्हणून तिच्या सगळ्या पात्राला गोल्फचा टॅग लावायचा नाही.

९. रफ आणि उरलेलं

रफ काढायचं की नाही यावर मतं वेगळी. ‘गोल्फ = रफ’ आहे, पण रफ म्हणजे बहुधा बाकीचं सगळं. कोर्सभर एक रफ काढून त्याला वीस भोकं पाडण्यात मला अर्थ दिसत नाही. जिथे कड स्पष्ट आहे तिथे काढा, बाकी सोडा.

माडांचे पट्टे, कॅज्युरिना म्हणजे आपलं सुरू, यांना झाडांचेच टॅग. गोल्फच्या कोणत्याही टॅगवर पुन्हा गवताचा वेगळा थर चढवू नका. एका जागेवर दोन हिरवी क्षेत्रं आली की पुढच्या माणसाला कळत नाही कोणतं खरं. सरावाचं लांब मैदान ‘ड्रायव्हिंग_रेंज’. क्लबहाउस इमारत म्हणून काढून त्यावर ‘गोल्फ = क्लबहाउस’.

१०. वाटा: इथे घाई नको

गाड्यांची वाट ‘गोल्फ = कार्टपाथ’, पायी चालायची ‘गोल्फ = पाथ’, आणि दोन्हींना रस्त्याचा नेहमीचा टॅगही हवा, नाही तर मार्ग दाखवणाऱ्या ॲपला त्या दिसत नाहीत. प्रवेश कोणाला हे ‘ॲक्सेस’ मध्ये: फक्त ग्राहकांना की खाजगी.

पण किनारपट्टीवर प्रत्येक वाट कार्टची नसते. वाड्यावरून दर्यावर जाणारी जुनी वाट, मासे घेऊन येणाऱ्या बायका ज्या वाटेने येतात ती, होड्या ओढून ठेवतात तिथपर्यंतची, अशा वाटा रिसॉर्ट यायच्या कितीतरी आधीच्या असू शकतात. चित्रात त्या कोर्सच्या कडेने किंवा मधूनही जाताना दिसतील. दिसलं आणि ‘खाजगी’ ठोकून दिलं, असं करू नका. गावात विचारा, तुमच्या डोळ्यांसमोर लोक त्या वाटेने जातात का ते बघा. गोव्यात पारंपरिक वाटेवरून पंचायतीत आणि कोर्टात भांडणं होतात, आणि नकाशातला एक टॅग कोणीतरी छापून पुराव्यासारखा पुढे करू शकतो. खात्री नसेल तर प्रवेशाचा खण रिकामा ठेवा. रिकामा खण चुकीच्या खणापेक्षा बरा.

११. जतन करण्याआधी

मी माझ्यासाठी एक क्रम ठेवला आहे. होलच्या रेषा मोजतो: कोर्सवर जेवढे होल तेवढ्या, दुहेरी टी असतील तर दुप्पट. क्रमांक सलग आहेत का. प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला टी आणि शेवटाला ग्रीन आहे का. बाण बरोबर आहेत का. ‘बंकर’, ‘ग्रीन’ अशी नावं कुठे नावाच्या खणात गेली नाहीत ना. नकाशावर अक्षरं दिसावीत म्हणून नवखे हे हमखास करतात. आयडी इशारे देतो, ते वाचा, पण ‘सगळं दुरुस्त करा’ बटणावर डोळे झाकून बोट ठेवू नका.

बदलाचं टिपण स्पष्ट लिहा: कोणता कोर्स, कोणतं चित्र, प्रत्यक्ष गेला होतात की नाही. एकाच वेळी अठरा होल चढवण्यापेक्षा तीन-तीन होल चढवा. काही बिघडलं तर परत फिरवणं सोपं जातं, आणि दुसरा कोणी अनुभवी नकाशाकार तुमचं काम बघत असेल तर त्यालाही ते तपासणं सोपं जातं. माझ्या उलट्या रेषा अशाच एकाने कळवल्या, सौम्य भाषेत.

पहिल्या वेळी एकच होल करा, शक्यतो पार-४, ज्याला टी, फेअरवे, ग्रीन आणि दोन-तीन बंकर असे सगळे भाग आहेत. दीड-दोन तास लागतील. दुसऱ्याला पाऊण तास, आणि पाचव्यानंतर हात बसतो.

मग पावसाळ्यानंतर एकदा परत बघा. आमच्याकडे पावसात ग्रीनशेजारच्या उतारांची माती वाहून जाते, बंकर नव्याने भरतात, कधी टी थोडी सरकवतात. मी चवथीनंतर एक दिवस याच कामासाठी ठेवतो आणि तपासल्याची तारीख ‘चेक_डेट’ मध्ये टाकतो. यंदा तळपणच्या बाजूचे समुद्राकडचे ते सहा-सात पांढरे ठिपके परत कोणीतरी बंकर म्हणून काढले होते. काढून टाकले, आणि टिपणात एवढंच लिहिलं की ही वाळू समुद्राची आहे.